थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणासाठी स्मोकरमध्ये, म्हणजे लाकडाच्या धुरावर मंद आचेत मांस शिजवण्याच्या भट्टीत, केलेली टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी) आतून गुलाबी दिसली, तर ती कच्ची समजावी का?

केवळ रंगावरून तसे समजू नये. लाकडाच्या धुरातील वायूंची मांसातील रंगद्रव्याशी प्रक्रिया होऊन कातडीखाली साधारण अर्धा इंच जाडीचा गुलाबी थर उरतो, मग टर्की पूर्ण शिजलेली का असेना. भरवसा ठेवावा तो थर्मामीटरवर: त्याची सुई हाडाला न टेकवता छातीच्या आणि मांडीच्या सर्वांत जाड भागात खुपसावी आणि दोन्हीकडे १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सिअस, दिसल्याखेरीज टर्की उतरवू नये. पोटात सारण भरणे टाळावे, कारण स्मोकरच्या मंद आचेवर ते फार सावकाश तापते आणि तेवढ्या वेळात जंतूंचे फावते. मोठ्या पक्ष्याचा हट्टही नको. १२ पौंडांच्या आतला घेऊन, कणा कापून सपाट पसरवला, तर छाती कोरडी पडण्याआधी मांड्या शिजतात.