वाचकांचे प्रश्न: हॉटेलचं बिल आलं की आपण गप्प का बसतो?

दोन अंकांपूर्वी एका उत्तरात मी ओघात लिहून गेले की हॉटेलात वाईट वागणूक मिळाली असेल तर कळवा, आणि त्यानंतर पत्रं, मेल, व्हॉट्सॲप काही थांबेनात. जेवणाच्या चवीबद्दल फार कमी लोकांनी लिहिलंय, बहुतेकांना सलतंय ते वेगळंच. चार पत्रं घेतेय. लिहिणाऱ्यांची नावं गाळलीत, हॉटेलांचीही, कारण त्यांची बाजू आपण ऐकलेली नाही.

प्रश्न: ताई नमस्कार, सासऱ्यांची पंचाहत्तरी म्हणून आम्ही सहाजण ठाण्यातल्या एका बऱ्यापैकी नावाजलेल्या ठिकाणी गेलो होतो. टेबल साडेआठचं बुक केलेलं, बसायला मिळालं सव्वानऊला. सूप आणि भाजी एकदमच आली, रोट्या आल्या तोवर भाजी गार, आणि एक डिश तर आलीच नाही पण बिलात मात्र आली, ती मी भांडून कमी करून घेतली. तरी वर १० टक्के सर्व्हिस चार्ज. मी म्हटलं सर्व्हिसच नाही तर चार्ज कसला, तर मॅनेजर आजूबाजूच्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, मॅडम मेनूकार्डवर लिहिलंय, वाचून बसायचं ना. सासरे म्हणाले जाऊ दे गं, माझ्या वाढदिवसाला वाद नको. मी पैसे दिले. आठवडा झाला तरी डोक्यातून जात नाहीये. माझं चुकलं का? आणि पैसे परत मिळतात का?

तुमचं चुकलं नाही हो. आणि सासरेही चुकले नाहीत, त्यांच्या जागी मीही तेच म्हणाले असते. मॅनेजरला हेच तर पक्कं माहीत असतं, की घरातली मोठी माणसं बरोबर आहेत, पोरं पेंगुळलीत, आता हे लोक तीनचारशेसाठी तमाशा करणार नाहीत.

आता मेनूकार्डवर लिहिलंय ह्या वाक्याचं बघू. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या की कुठल्याही हॉटेल-रेस्टॉरंटने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावानेही घ्यायचा नाही, हा ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं, आणि तो देत नाही म्हणून आत सोडायला किंवा सेवा द्यायला नाही म्हणायचं नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना लगेच दिल्ली हायकोर्टात गेल्या आणि त्याच महिन्यात स्थगिती मिळाली, त्यामुळे पुढची पावणेतीन वर्षं सगळे मॅनेजर कोर्टात मॅटर आहे म्हणून मोकळे. पण २८ मार्च २०२५ ला त्याच कोर्टाने त्या याचिका फेटाळल्या, सूचना कायम ठेवल्या आणि याचिका करणाऱ्या दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये खर्चही लावला. संघटना त्यावर अपिलात गेल्यात, ते चालू दे. तुमच्या मॅनेजरचं वाक्य मात्र जुनं झालंय, कार्डावर छापलं म्हणजे तुम्ही हो म्हणालात असं होत नाही.

तुम्ही बिलाचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, कारण त्यातली खरी गंमत सर्व्हिस चार्जच्या खालच्या ओळीत आहे. जेवणाचे ३,६४० रुपये. त्यावर १० टक्के म्हणजे ३६४. दोन्ही मिळून झाले ४,००४, आणि जीएसटी लावलाय तो ह्या ४,००४ वर, सीजीएसटी १००.१० आणि एसजीएसटी १००.१०. एकूण ४,२०४. सर्व्हिस चार्ज नसता तर ५ टक्के जीएसटी १८२ रुपये झाला असता आणि बिल ३,८२२. म्हणजे जो चार्ज द्यायचाच नव्हता त्याच्यावर टॅक्ससुद्धा तुम्ही भरलात, सव्वाअठरा रुपये म्हणा. रक्कम किरकोळ आहे, पण जेवणाच्या बिलात सर्व्हिस चार्ज मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावू नये असं त्या सूचनांमध्ये वेगळं लिहिलेलं आहे, कारण ही युक्ती प्राधिकरणालाही ठाऊक होती.

पैसे परत मिळतात का, तर प्रयत्न करण्यासारखा नक्कीच आहे. आधी रेस्टॉरंटलाच बिलाच्या फोटोसकट मेल किंवा व्हॉट्सॲप करा, चार ओळी, शिव्या नकोत, ३८२ रुपये परत करा एवढंच. खूपदा इथेच मिटतं, कारण तोंडावर ताठ असलेला माणूस लेखी आलं की मऊ होतो. नाही मिटलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं, ते कंपनीकडे तक्रार पाठवतात आणि नंबर देतात. त्याहून पुढे जायचं असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज होतो. पण खरं सांगू, ३८२ रुपयांसाठी तारखा घालवायच्या की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी असते तर १९१५ पर्यंत गेले असते आणि मग सोडून दिलं असतं.

पुढच्या वेळेला एकच करा. बिल आलं की कार्ड किंवा फोन बाहेर काढायच्या आधी ते वाचा, आणि शांतपणे सांगा की सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल आणा. भाजी गार होती, डिश आली नाही, ह्यातलं काही त्या वाक्यात घालायचं नाही, कारण घातलंत की बोलणं भाजीवर जातं आणि चार्ज तसाच राहतो. सेवा उत्तम असती तरीही तो चार्ज नाकारायचा हक्क तुम्हाला होताच.

प्रश्न: पाण्याच्या बाटलीवर एमआरपी २० आणि बिलात ६०. मी वेटरला सुनावलं, ग्राहक मंचात खेचीन म्हणालो, शेवटी त्यांनी २० च लावले. मित्र म्हणतात मी उगाच दादागिरी केली. कोण बरोबर?

मित्र. राग मानू नका, पण डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बसून घेतलेल्या बाटलीला एमआरपीचं बंधन लागू होत नाही, कारण तिथे नुसती बाटली विकली जात नाही, बसायची जागा, वाढणं, एसी असं सगळं त्याच्याबरोबर असतं. हा निकाल मला स्वतःला आवडत नाही, पण आहे तो आहे. दुकानात मात्र एमआरपीच्या वर एक रुपया देऊ नका. मुळात मिनरल की रेग्युलर असं विचारतात तेव्हा बिनधास्त रेग्युलर म्हणायचं, त्यात कमीपणा काही नाही. आणि न विचारताच सील फोडून ग्लासात ओतायला लागले तर तिथल्या तिथे हात आडवा करायचा, प्यायल्यावर नाही. त्या वेटरला परत कधी भेटलात तर जरा नीट बोला, भाव तो ठरवत नाही.

प्रश्न: माझी आजी गावाहून आली होती म्हणून तिला मॉलमधल्या एका चकचकीत रेस्टॉरंटमध्ये नेलं. आजी नऊवारीत, पायात साध्या चपला, हातात कापडी पिशवी. दारातल्या मुलाने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला खिडकीजवळची सगळी टेबलं रिझर्व्ह आहेत, आणि आम्हाला टॉयलेटच्या दाराशी बसवलं. दहा मिनिटांत दोन मुलंमुली आली, तो त्यांना बुकिंग आहे का विचारत होता, ती नाही म्हणाली आणि तरी त्यांना खिडकी मिळाली. आजीच्या लक्षात आलं पण ती काही बोलली नाही, नुसती पिशवी उचलून मांडीवर घेतली. हा भेदभाव नाही का? ह्याला कायदा नाही का काही?

पिशवी मांडीवर घेतली हे वाचून मी पत्र जरा वेळ बाजूला ठेवलं.

कायद्याचं आधी सांगते कारण तुम्ही तेच विचारलंय. संविधानाचं कलम १५(२) धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणालाही दुकानात, सार्वजनिक उपाहारगृहात, हॉटेलात जायला अटकाव करता येणार नाही म्हणतं. त्याच कलमात पुढे विहिरी, तलाव, स्नानघाट येतात. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायला गेलेले बाबासाहेब पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्यामुळे हॉटेल आणि पाणवठा एका यादीत का आले ते आपल्याकडे तरी कोणाला समजावून सांगावं लागू नये. दारावर राइट ऑफ ॲडमिशन रिझर्व्ह्ड अशी पाटी लावली म्हणून हे कलम पुसलं जात नाही.

पण त्या यादीत कपडे नाहीत, चपला नाहीत, आणि तुम्हाला आत घेतलंच, फक्त वाईट जागी बसवलं. त्यामुळे ह्या कलमाखाली तुमची केस उभी राहील असं मी सांगणार नाही, खोटी आशा कशाला. रिझर्व्ह आहे असं खोटं सांगून चांगली जागा नाकारली ही सेवेतली त्रुटी म्हणून १९१५ वर नोंदवता येईल, आणि जिथे मॉलच्या किंवा साखळीच्या मोठ्या ऑफिसला तक्रार जाते तिथे दारातल्या माणसाला निदान विचारणा तरी होते.

तरी मला वाटतं तुमची खरी संधी त्या दहाव्या मिनिटाला होती. ती दोघं खिडकीत बसली तेव्हा उठून जायचं आणि मॅनेजरला हळू आवाजात विचारायचं, आत्ता बसले त्यांचं बुकिंग कोणाच्या नावावर होतं? एवढाच प्रश्न. भेदभाव हा शब्द उच्चारायचा नाही, उच्चारला की ते छे छे मॅडम करत बसतात. नावावर होतं का ह्याला उत्तर नसतं त्यामुळे नव्वद टक्के वेळा टेबल मिळतं. आणि नाहीच मिळालं तर ऑर्डर द्यायच्या आधी उठायचं. पाणी प्यायलं, मेनू बघितला, आता कसं उठणार, हा संकोच आपल्याला शाळेत कोणी शिकवला कोण जाणे. मी पण एकदा असंच पंख्याखाली न बसवता स्वयंपाकघराच्या दाराशी बसवलं म्हणून चडफडत अख्खं जेवण जेवले होते, वर टीप ठेवून आले होते. तेव्हा उठायला हवं होतं असं अजून वाटतं.

आजीशी मात्र ह्या विषयावर बोला. तिला कळलंय हे तुम्हाला कळलंय आणि दोघीही गप्प आहात, हे काही बरं नाही.

प्रश्न: मॅडम, मी वेटर आहे, सहा वर्षं झाली. तुमच्या सदरात सगळे गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहितात म्हणून लिहितोय. शनिवार-रविवार माझ्याकडे चारच्या जागी नऊ टेबलं असतात. उशीर किचनमधून होतो, शिव्या मला बसतात. सर्व्हिस चार्ज किती जमा झाला आणि आम्हाला किती वाटला हे आम्हाला कोणी सांगत नाही. आता लोक सर्व्हिस चार्ज काढायला लावतात आणि टीपही देत नाहीत, मग आम्ही काय करायचं?

बरं झालं लिहिलंत दादा. वरच्या तीन पत्रांमध्ये तुमचा माणूस एकाच पत्रात आलाय आणि तिथेही त्याला नाव नाही, फक्त वेटर.

तुम्ही म्हणता तो घोळ खरा आहे. लोकांना वाटतं सर्व्हिस चार्ज म्हणजे वेटरचे पैसे, म्हणून ते देऊन झाले की टीप देत नाहीत, आणि ते पैसे जातात मालकाच्या गल्ल्यात. तिथून तुमच्यापर्यंत किती यायचे ते मालकाच्या मनावर. टीप गिऱ्हाईक स्वतःच्या मर्जीने देतं आणि ती जेवण झाल्यावर ठरते, चार्ज आधीच छापून येतो, एवढा साधा फरक आहे पण तो कोणी सांगत नाही. त्यामुळे चार्ज काढायला लावणाऱ्या वाचकांना मी हे सांगतेच की सेवा बरी होती तर वाचलेल्या पैशातले थोडे तरी त्या माणसाच्या हातात ठेवा. ठाण्याच्या ताई, हे तुम्हाला नाही, तुमची भाजी गार होती.

तुम्हाला मात्र एक सुचवते, पटलं तर बघा. ऑर्डर घेतानाच सांगून टाकायचं की आज किचनला चाळीस मिनिटं लागतील, मुलांसाठी काही पटकन येणारं आधी सांगू का. उशिरापेक्षा कोणी काही सांगत नाही ह्यानेच माणसं जास्त भडकतात, हे मी आलेल्या पत्रांवरूनच सांगतेय. कोपऱ्यातल्या टेबलावर पाच वेळा हात वर करून बसलेल्या माणसाला नुसतं मानेने आलो म्हटलं तरी तो पुढची दहा मिनिटं थांबतो.

आणि वाचकहो, हल्ली सगळे यूपीआयने देतात म्हणून एक. टीप द्यायची असेल तर ती बिलाच्या क्यूआरवर वाढवून टाकू नका, ती रक्कम हॉटेलच्या खात्यात जाते आणि मग परत तोच मालकाचा गल्ला. बडीशेपेच्या वाटीखाली ठेवायला नोट नसेल तर त्या माणसाला त्याचा स्वतःचा नंबर विचारा. काही ठिकाणी त्यांना वैयक्तिक नंबर द्यायला मनाई असते, तसं असेल तर तो कसनुसा हसेल, मग आग्रह करू नका, पुढच्या वेळी जाताना सुटे घेऊन जा.