‘अमली पदार्थ-प्रभावित वाहनचालन’ की आणखी काही?

कॅनडा सरकारच्या एका घोषणेचे भाषांतर करताना आपण ‘अमली पदार्थ-प्रभावित वाहनचालनाविषयी सार्वजनिक शिक्षणासाठी शासकीय निधीकरण’ असे शीर्षक केले, ते आपल्यालाच खटकले, आणि त्यात नेमके काय चुकते असा प्रश्न आपण विचारला आहे. शीर्षकातले जवळजवळ प्रत्येक पद तपासण्याजोगे आहे. मात्र खरी अडचण ‘प्रभावित’ आणि ‘अमली पदार्थ’ या दोन ठिकाणी आहे, म्हणून तेथे अधिक थांबतो.

आधी मूळ विषय थोडक्यात सांगतो. गांजा कायदेशीर करण्याच्या तयारीचा भाग म्हणून कॅनडाच्या संघ सरकारने सप्टेंबर २०१७ मध्ये पोलीस व सीमा-यंत्रणांसाठी २७ कोटी ४० लाख कॅनेडियन डॉलरपर्यंतची रक्कम जाहीर केली. तिच्यातील १६ कोटी १० लाख डॉलर पोलिसांचे प्रशिक्षण, तपासणीची उपकरणे, संशोधन, आणि गांजासारख्या द्रव्याच्या परिणामाखाली गाडी चालवण्याचे धोके लोकांना समजावून सांगणे या कामांसाठी होते. जून २०१८ मध्ये अशा वाहनचालनाविरुद्धचा कडक कायदा झाला आणि १७ ऑक्टोबर २०१८ पासून त्या देशात प्रौढांसाठी गांजा कायदेशीर ठरला. या तारखा शब्दनिवडीच्या दृष्टीनेही महत्त्वाच्या आहेत, हे पुढे दिसेल.

‘प्रभावित’ हा शब्द मराठीत मुख्यतः चांगल्या अर्थाने रुळलेला आहे. एखाद्याच्या भाषणाने किंवा विद्वत्तेने आपण प्रभावित होतो. नुकसान सोसलेल्यासाठी मराठीने ‘ग्रस्त’, ‘बाधित’, ‘पीडित’ हे शब्द वापरले. ‘पूर-प्रभावित’ ही हिंदीच्या वळणाची रचना असून आपण ‘पूरग्रस्त’ म्हणतो. शिवाय प्रभाव पडतो तो चालवणाऱ्यावर, चालवण्याच्या क्रियेवर नव्हे. त्यामुळे ‘प्रभावित वाहनचालन’ हे विशेषण भलत्याच नामाला चिकटलेले आहे आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माणूस उभाच राहत नाही.

मग ‘नशेत वाहन चालवणे’ का नको? बोलताना हा प्रयोग चांगलाच आहे, आणि दारूविषयी बोलायचे असेल तर तो पुरेसाही आहे. परंतु ‘नशा’ या शब्दात हौसेने, जाणूनबुजून केलेल्या सेवनाची छटा आहे, आणि ती सहज पुसता येत नाही. चिंतेवर डायझेपाम घेणारी व्यक्ती, कोडीन किंवा मॉर्फिन असलेले वेदनाशामक घेणारा रुग्ण, सर्दीवर क्लोरफेनिरामाइनसारखी जुन्या पिढीतील अ‍ॅलर्जीरोधक गोळी घेऊन कामाला निघालेला माणूस, यांपैकी कोणीही स्वतःला नशेत समजत नाही. तरी या सर्वांची प्रतिक्रिया मंदावलेली असू शकते आणि लक्ष विचलित होऊ शकते. फलकावर ‘नशेत गाडी चालवू नका’ असे लिहिले, तर हे सगळे वाचक तो फलक दुसऱ्या कोणासाठी तरी आहे असे समजून पुढे जातील. हा मला केवळ शब्दांचा प्रश्न वाटत नाही, कारण ज्याला सावध करायचे त्यालाच आपला शब्द वगळतो.

‘गुंगी’ हा शब्द याच्या उलट टोकाला आहे. तो औषधासाठी अगदी स्वाभाविक आहे. ‘या गोळीने गुंगी येते’ असे डॉक्टरही सांगतात आणि रुग्णही. पण कोकेन किंवा मेथॲम्फेटामिन घेतलेल्या माणसाला गुंगी येत नाही. तो उत्तेजित होतो, त्याला नसलेला आत्मविश्वास वाटतो आणि तो धोका पत्करतो. ‘धुंद’, ‘झिंगलेला’, ‘तर्र’ हे शब्द अवस्थेचे चित्र ठसठशीत उभे करतात, परंतु ती अवस्था टोकाची असते. कॅनडाच्या दंडसंहितेत तर चालवण्याची क्षमता मद्याने, औषधिद्रव्याने किंवा दोहोंच्या मिश्रणाने ‘कोणत्याही प्रमाणात’ उणावली असली तरी गुन्हा होतो. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १८५ मात्र अशा द्रव्याच्या बाबतीत वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ होण्याइतका परिणाम झालेला असावा, असे म्हणते. पहिल्या कायद्यात क्षमता कमी होणे पुरेसे आहे, दुसऱ्यात ती गेलेली असावी लागते. आपल्या मजकुरात ‘अक्षम’ किंवा ‘बेधुंद’ असा शब्द आला, तर कॅनडाचा कायदा नकळत दुसऱ्याच अर्थाचा होईल.

या दोन्ही टोकांना सामावणारा शब्द मराठीत आहे, तो म्हणजे ‘अंमल’. अरबीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ काम, कृती. त्यावरून कारभार आणि सत्ता हा अर्थ आला. ‘इंग्रजी अंमल’, ‘अंमलदार’, ‘अंमलबजावणी’ हे त्याच घरातले शब्द. मराठीत मादक द्रव्याचा मनावर चालणारा परिणाम हाही ‘अंमल’च, आणि ‘अमली पदार्थ’ हा शब्द त्यातूनच घडलेला आहे. (राजस्थानी व गुजराती भाषांत तर ‘अमल’ म्हणजे थेट अफू.) ‘अंमल’ची खरी सोय अशी, की शस्त्रक्रियेनंतर ‘भुलीचा अंमल अजून उतरलेला नाही’ असे आपण रुग्णाला कसलाही दोष न देता म्हणतो आणि गांजाविषयीही तोच शब्द वापरतो. अंमल चढतो, ओसरतो, थोडा असतो किंवा पुरता असतो. म्हणजे ‘कोणत्याही प्रमाणात’ हा अर्थ त्याला सहज पेलतो. गाडी माणूस चालवत असला तरी त्या वेळी त्याच्यावर सत्ता दुसऱ्याचीच आहे, हे या एका शब्दात जितके नेमके येते तितके ‘प्रभाव’मध्ये येत नाही.

‘अंमलाखाली’ आणि ‘अमलाखाली’ अशी दोन्ही रूपे छापलेली आढळतात. एका मजकुरात एकच ठेवावे, एवढे पुरे.

आता ‘अमली पदार्थ’. मूळ मजकुरातील ‘ड्रग’ या इंग्रजी शब्दाच्या कक्षेत डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधेही येतात. इंग्लंड व वेल्समध्ये मार्च २०१५ पासून लागू झालेल्या कायद्याने ठरावीक द्रव्यांची रक्तातील मर्यादा घालून दिली, त्यांत कोकेन व एलएसडी या अमली पदार्थांच्या बरोबरीने डायझेपाम, लोराझेपाम, मॉर्फिन ही औषधेही आहेत. मराठी वाचक ‘अमली पदार्थ’ म्हटल्यावर या औषधांचा विचार करत नाही. त्याच्या मनात छापे, तस्करी आणि बंदी येते. कॅनडात तर ऑक्टोबर २०१८ नंतर प्रौढाने गांजा बाळगणे ठरावीक मर्यादेत वैध आहे, गुन्हा आहे तो त्याच्या अंमलाखाली गाडी चालवण्याचा. म्हणून ‘औषधे व अमली पदार्थ’ असे जोडीने लिहावे. शब्द वाढतो, पण अर्थ बुडत नाही.

येथे आणखी एक काळजी घ्यावी. गांजातील टीएचसी हे द्रव्य नियमित सेवन करणाऱ्यांच्या रक्तात परिणाम ओसरल्यावरही काही काळ सापडते. कॅनडाच्या कायद्यात वाहन चालवल्यापासून दोन तासांच्या आत एक मिलिलिटर रक्तात २ नॅनोग्रॅम टीएचसी असणे हा सौम्य गुन्हा आणि ५ नॅनोग्रॅम वा अधिक असणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि तो क्षमता उणावण्याच्या गुन्ह्याहून वेगळा मांडलेला आहे. तेव्हा मूळ मजकूर रक्तातील मर्यादेविषयी बोलत असेल, तर तेथे ‘अंमल’ लिहू नये. ‘रक्तात विहित मर्यादेहून अधिक द्रव्य असणे’ असेच लिहावे.

‘सार्वजनिक शिक्षण’ ही चूक सुटी असली तरी मोठी आहे. मराठीत त्याचा अर्थ सरकारी शाळांची व्यवस्था असा होतो आणि वाचक वर्गखोल्यांकडे वळतो. लोकांना धोका ठाऊक करून देणे एवढाच हेतू असेल तर ‘जनजागृती’ म्हणावे. गोळीच्या वेष्टनावरील सूचना कशी वाचावी, अंमल किती काळ टिकू शकतो, घरी परतण्याची सोय आधी कशी करावी, असे काही शिकवायचे असेल तर ‘लोकशिक्षण’ अधिक नेमके. हा शब्द जुना आणि चांगला आहे, तो मागे पडत चालला आहे याचे मला वाईट वाटते. पोलिसांना मिळते ते ‘प्रशिक्षण’. एकाच रकमेतून ही दोन्ही कामे होणार असल्याने ते दोन शब्द एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

‘निधीकरण’ सोडून द्यावे. अंदाजपत्रकात रक्कम राखून ठेवली तर ‘तरतूद’, संस्थेला परतफेडीविना दिली तर ‘अनुदान’, आणि साठलेली रक्कम हा ‘निधी’. आपल्या मजकुरात सरकारने रक्कम ठरवून दिल्याची घोषणा आहे, तेव्हा ‘तरतूद’.

या साऱ्यावरून मी शीर्षक असे करीन: ‘औषधे व अमली पदार्थांच्या अंमलाखाली वाहन चालवण्याविषयी लोकशिक्षणासाठी सरकारी तरतूद’. लांब वाटल्यास ‘अंमलाखाली वाहनचालन: लोकशिक्षणासाठी तरतूद’ असे आखूड करून औषधांचा उल्लेख मजकुराच्या पहिल्याच वाक्यात आणावा.