धड इंजिनिअर नाही, धड डॉक्टर नाही

वैद्यकीय प्रतिमांवर संशोधन करणारी मुलं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: “मला कशातलंच पूर्ण येत नाही.” एमआरआय, सीटी, अल्ट्रासाउंड, अशा कशावर तरी पीएचडी चालू असते. कुणी फिजिक्समधून आलेलं, कुणी इलेक्ट्रॉनिक्समधून, एखादा एमबीबीएस करून. गाइड दोन, विभाग दोन, आणि दोन्हीकडे आपण उपरेच. हे इतक्यांदा ऐकलंय की एका मुलीची गोष्ट सांगावीशी वाटली. तिची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती इलेक्ट्रिकल इंजिनिअर, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला. “रेडिऑलॉजीच्या मीटिंगमध्ये सगळे भराभर बोलतात, मी मान डोलावते. लॅबमध्ये फिजिक्सवाला मुलगा फळ्यावर समीकरणं मांडतो, तिथंही मान डोलावते. माझं म्हणजे दोन घरचा पाहुणा उपाशी.”

“मान डोलावण्याऐवजी विचारलंस तर?”

“मग त्यांना कळेल ना, मॅडम!”

“काय कळेल?”

“की मला येत नाही.”

“इंजिनिअरला शरीररचना डॉक्टरइतकी येत नाही, हे त्यांना आजवर कळलं नसेल असं वाटतं तुला?”

ती हसली, पण डोळे भरलेलेच होते.

बालपण उकरत बसण्यापेक्षा माणूस स्वतःशी काय बोलतो ते तपासावं, असा माझा पहिल्यापासूनचा कल. ही मुलगी स्वतःला बजावत होती की दोन्ही विषय त्या त्या तज्ज्ञाइतके आलेच पाहिजेत, नाहीतर मी इथं फसवून आलेय. दोन्ही यावेत ही इच्छा चांगलीच आहे, तिच्यावरच तर अभ्यास होतो. पण इच्छेचा हट्ट झाला की तोंड उघडायची भीती वाटते, आणि तोंड उघडलं नाही की शिकणं थांबतं. तिच्या डायरीतून आणखी एक गोष्ट दिसली. तुलना करताना ती दर वेळी माणूस बदलायची: शरीररचनेत डॉक्टरशी, गणितात फिजिक्सवाल्याशी, कोडिंगमध्ये कॉम्प्युटरवाल्याशी. प्रत्येकाशी त्याच्या सगळ्यात पक्क्या विषयात. अशा हिशेबात कुणीही नापासच होणार.

हे मी तिला सांगितलं. पटलं म्हणाली. फरक काही पडला नाही. सांगून पटलेलं बहुधा डोक्यातच राहतं.

नंतर एकदा सहज विचारलं, “इतक्यात तिथं कुणी तुला काही विचारलं का?”

“नाही. म्हणजे एकदा. पण ते किरकोळ होतं.”

‘किरकोळ’ ऐकलं की मी कान टवकारते.

मेंदूचा एमआरआय होता, कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) दिल्यानंतरचा. लहान मेंदूत एक पांढरा ठिपका दिसत होता आणि रेडिऑलॉजिस्ट त्यावर रेंगाळल्या होत्या. गाठ म्हणावी का? ठिपका बाजूच्या मोठ्या नीलेच्या अगदी रेषेत आहे हे हिच्या लक्षात आलं. ती म्हणाली, “फेज एन्कोडिंगची दिशा बदलून परत घेऊन बघू या का?” पेशंट अजून मशीनमध्येच होता. परत घेतला, आणि ठिपका तिथून गायब!

मला यातलं काही कळत नाही, म्हणून समजावून मागितलं. एमआरआयमध्ये एका दिशेची माहिती काही मिलिसेकंदांत गोळा होते. दुसऱ्या, म्हणजे फेज एन्कोडिंगच्या दिशेची एकेक ओळ करत, पूर्ण व्हायला मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात रक्त उसळतं, छाती हलते. हालचाल कुठल्याही दिशेला असो, तिच्या सावल्या या दुसऱ्या, संथ दिशेतच पसरतात. दिशांची अदलाबदल केली की सावली जागा बदलते. खरी गाठ जागची हलत नाही. हे सांगताना तिचे हात हवेत रेघा ओढत होते, आवाज चढला होता. मान डोलावणारी मुलगी त्या खुर्चीत नव्हतीच.

“हे डॉक्टरांना माहीत नव्हतं?”

“असतं की! सगळ्यांनाच माहीत असतं. त्या दिवशी फक्त मला आधी दिसलं.”

“तुलाच आधी का दिसलं?”

बराच वेळ गेला. मी मध्ये बोलले नाही. या धंद्यात गप्प बसणं मी मेहनतीनं कमावलंय.

“डॉक्टर चित्रात काय आहे ते बघत होत्या,” ती म्हणाली, “मी ते तयार कसं झालं ते बघत होते.” मग थोड्या वेळानं, “पण ती नीला तिथून जाते हे त्यांच्याशेजारी बसले नसते तर मलाही कळलं नसतं.”

दुसरं वाक्य मला जास्त मोलाचं वाटलं. तिला जे येत होतं ते दोन विषयांच्या मधलं होतं, आणि मधल्या जागेची परीक्षा तिनं कधी दिलीच नव्हती, म्हणून ते तिच्या हिशेबात धरलंच जात नव्हतं. त्या संध्याकाळी मी स्वतःवर जरा खूश होते, हे लपवत नाही.

या क्षेत्राचा इतिहासही अशा मुलांना मी वाचायला लावते. सीटी स्कॅनसाठी 1979 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं ते विद्यापीठाची पदवी न घेतलेल्या इंजिनिअर हाउन्सफिल्डना आणि भौतिकशास्त्रज्ञ कॉर्मॅकना. 1971 मध्ये लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलात पहिल्या पेशंटचा स्कॅन झाला तेव्हा हाउन्सफिल्डबरोबर जेम्स ॲम्ब्रोज हे रेडिऑलॉजिस्ट होते. वेगवेगळ्या दिशांनी घेतलेल्या एक्स-रेवरून आतलं चित्र कसं उभं करायचं, याचं गणित कॉर्मॅकनी 1963-64 मध्ये छापलं, पण त्याकडे तेव्हा फारसं कुणी बघितलं नाही. आणि तो प्रश्न रादोन या गणितज्ञानं 1917 मध्येच सोडवला होता, हे कॉर्मॅकना खूप उशिरा कळलं. “ती मोठी माणसं हो,” मुलं म्हणतात. असतील. पण शेजारच्या विभागात विचारायची गरज त्यांनाही होतीच.

तुमचीही अशीच तक्रार असेल तर एक विषय कणा म्हणून पक्का करा. दुसरा इतका शिका की नेमका प्रश्न विचारता येईल आणि उत्तरात गडबड असेल तर शंका येईल. तिथं तज्ज्ञ व्हायची गरज नाही. रिपोर्टिंग चालतं त्या खोलीत नेमानं बसा, आणि दर वेळी एक तरी बाळबोध प्रश्न विचारा. पहिले काही प्रश्न विचारताना घसा कोरडा पडतो. पडू दे. झोप, भूक कित्येक आठवडे बिघडलेली असेल तर मात्र आधी मानसोपचारतज्ज्ञ, मग बाकीचं.

आणि सगळाच दोष स्वतःच्या विचारांना देऊ नका. दोन गाइड दोन दिशांना ओढत असतील तर कितीही विवेकानं विचार करा, ओढाताण राहणारच. त्यांना एका टेबलाशी बसवा, कुणाला काय हवंय ते कागदावर घ्या, शोधनिबंधावर नावं कुठल्या क्रमानं येणार तेसुद्धा. हिनं ती बैठक घडवून आणली तेव्हा कळलं की एकांना नवा अल्गोरिदम हवा होता, दुसऱ्यांना हाताशी असलेलाच जास्त पेशंटवर तपासून हवा होता, आणि हे दोघं एकमेकांशी कधी बोललेच नव्हते. थिसिसची प्रकरणं त्याच दुपारी ठरली.