गाईड निम्मं वाचलं, पण अ‍ॅक्सेस काही येईना

प्रश्न : मी धरणगाव तालुक्यातल्या एका गावात राहते, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एमएस-सीआयटी झालं आहे. रद्दीच्या दुकानातून मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस 2003 चं, म्हणजे माहिती टेबलांत साठवायच्या डेटाबेस प्रोग्रॅमचं, जाड गाईड घेतलं, निम्मं वाचून झालं. वाचताना सगळं समजतं, पुस्तक मिटलं की एक टेबलही धड जमत नाही. घरच्या कॉम्प्युटरवर अ‍ॅक्सेस 2016 आहे, त्यामुळे पुस्तकातले मेनूही सापडत नाहीत. आप्पा जिनिंगवर मुनीम आहेत. ते म्हणतात, हे सोड आणि टॅली कर. जळगावला क्लास लावू का? यातून नोकरी मिळेल का?

उत्तर : आधी आप्पांचं. ते बरोबर सांगताहेत, पण अर्धं. बी.कॉम.च्या मुलीला टॅली यायलाच हवं, हिशेबाच्या नोकरीत पहिला प्रश्न त्याचाच असतो. पण टॅलीत दुसऱ्या कोणीतरी मांडून ठेवलेला हिशेब तू भरतेस. अ‍ॅक्सेसमध्ये मांडणी तुझी तुला करावी लागते. तुझं अडतं ते नेमकं तिथे. पुस्तकातलं उदाहरण पुस्तककर्त्याने आधीच मांडलेलं असतं, म्हणून वाचताना सोपं वाटतं.

तेव्हा गाईड पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणं आजपासून बंद. एक काम हातात घे आणि अडशील तिथे, मागची सूची बघून, तेवढंच पान उघड. काम तुझ्या घरातच आहे : जिनिंगवरची कापूस खरेदी. आप्पांकडून पंचवीस-तीस काटा पावत्यांचे आकडे उतरवून घे. शेतकऱ्यांची नावं आणि मोबाईल बदलून टाक, बँक खात्यांना तर हातच लावू नकोस. तो माल मालकाचा आणि शेतकऱ्यांचा आहे.

पुस्तक आणि पडदा जुळत नाही त्याचं कारण एवढंच की 2007 पासून मेनूंच्या जागी वर रिबन आली. पुस्तकातलं ‘टूल्स’मधलं ‘रिलेशनशिप्स’ आता ‘डेटाबेस टूल्स’ टॅबमध्ये आहे. ‘टेक्स्ट’चं ‘शॉर्ट टेक्स्ट’ आणि ‘मेमो’चं ‘लाँग टेक्स्ट’ झालं. फाईल ‘एमडीबी’ऐवजी ‘एसीसीडीबी’ होते. पुस्तकातली तीन प्रकरणं सरळ सोड : डेटा अ‍ॅक्सेस पेजेस, रेप्लिकेशन आणि यूझर-लेव्हल सिक्युरिटी. नव्या फाईलमध्ये या सोयीच उरलेल्या नाहीत. टेबल, रिलेशनशिप, क्वेरी, फॉर्म आणि रिपोर्ट ही प्रकरणं मात्र आजही तितकीच चालतात.

कॉम्प्युटर सुरू करण्याआधी कागदावर तीन चौकोन काढ, एक चौकोन म्हणजे एक टेबल. पहिला शेतकरी : क्रमांक, नाव, गाव, मोबाईल. दुसरा काटा पावती : पावती क्रमांक, तारीख, शेतकरी क्रमांक, गाडी नंबर, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, भाव. तिसरा पेमेंट : क्रमांक, तारीख, शेतकरी क्रमांक, रक्कम, आणि ते उचल, रोख की बँकेतून. पावतीवर शेतकऱ्याचं नाव न लिहिता क्रमांक का? आपल्याकडे एकाच गावात एकाच नावाचे तीन पाटील निघतात, आणि एकाचे पैसे दुसऱ्याच्या नावावर पडले की भांडण जिनिंगच्या गेटवर येतं.

भाव मात्र पावतीतच हवा. तो रोज बदलतो, म्हणून वेगळ्या ठिकाणी एकच ‘चालू भाव’ ठेवलास तर उद्या तो बदलल्याबरोबर मागच्या महिन्याच्या पावत्यांची रक्कमही बदलेल. उलट निव्वळ वजन आणि रक्कम टेबलात साठवू नकोस. भरलेली गाडी 3,840 किलो, रिकामी 2,140, म्हणजे निव्वळ 1,700 किलो, 17 क्विंटल. हे क्वेरीला, म्हणजे टेबलांना विचारलेल्या प्रश्नाला, काढू दे. साठवलंस आणि नंतर कोणी रिकाम्या गाडीचं वजन दुरुस्त केलं, की एकाच पावतीवर दोन खरी वजनं होतील.

आता डेटा टाइप, म्हणजे कुठल्या रकान्यात कोणत्या प्रकारची माहिती बसेल ते. पहिल्या आठवड्यातल्या बहुतेक चुका इथल्याच. मोबाईल नंबरला ‘नंबर’ निवडायचं नाही. ‘नंबर’मधल्या ‘लाँग इंटिजर’ची मर्यादा 2,14,74,83,647 आहे, 9 ने सुरू होणारा दहा आकडी नंबर त्यात बसतच नाही. त्याला शॉर्ट टेक्स्ट. रकमेला, जागा वाचेल म्हणून ‘इंटिजर’ घेतलंस, तर 32,767 च्या पुढचा आकडा घेणार नाही, आणि कापसाची एक गाडीसुद्धा त्याहून जास्तीची असते. रक्कम आणि भाव दोन्हींना ‘करन्सी’. क्विंटलमध्ये वजन टाकत असशील तर लाँग इंटिजर दशांश खाऊन टाकतं, 12.45 चे 12 होतात आणि तक्रारही येत नाही. म्हणून वजन किलोतच भर. शेतकरी टेबलात क्रमांकाला ‘ऑटोनंबर’ दिलंस, तर बाकी दोन टेबलांत तोच क्रमांक ‘नंबर, लाँग इंटिजर’ हवा. टेक्स्ट असेल तर रिलेशनशिप जोडताना अ‍ॅक्सेस नकार देईल.

फील्डची, म्हणजे रकान्यांची, नावं इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेव. नुसतं ‘डेट’ किंवा ‘नेम’ ठेवू नकोस, हे शब्द अ‍ॅक्सेसने स्वतःसाठी राखून ठेवले आहेत. आतली माहिती मराठीत खुशाल भर, पण युनिकोडमध्ये. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं गावाचं नाव पडद्यावर ठीक दिसतं, शोधायला गेलं की सापडत नाही.

रिलेशनशिप जोडताना ‘एन्फोर्स रेफरेन्शियल इंटेग्रिटी’वर टिक कर, म्हणजे नसलेल्या शेतकऱ्याच्या नावावर पावती पडणार नाही. खालच्या ‘कॅस्केड डिलीट’वर टिक करू नकोस, नाहीतर एक शेतकरी पुसला की त्याच्या सगळ्या पावत्या त्याच्यामागून जातील.

माहिती भरताना ओळीच्या डाव्या कडेला पेन्सिल दिसते. ती आहे तोवर ओळ सेव्ह झालेली नाही, एस्केप दाबून मागे फिरता येतं. खालच्या ओळीवर गेलीस की सेव्ह झालंच. एक्सेलची सवय असलेले इथे फसतात : बंद करताना अ‍ॅक्सेस ‘सेव्ह करू का’ विचारतं ते टेबलाच्या मांडणीबद्दल, माहितीबद्दल नाही. ‘नो’ म्हटल्याने भरलेले चुकीचे आकडे पुसले जात नाहीत.

क्वेरीला जास्त दिवस दे. खरं शिक्षण तिथे आहे, आणि गाईडमध्ये ते बहुधा घाईत उरकलेलं असतं. क्वेरी चालवल्यावर अचानक ‘एंटर पॅरामीटर व्हॅल्यू’ अशी चौकट आली तर घाबरू नकोस, कुठल्यातरी फील्डच्या नावाचं स्पेलिंग चुकलं आहे. एसक्यूएल व्ह्यूमध्ये (एसक्यूएल म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) #10/11/2024# लिहिलंस तर तू 10 नोव्हेंबर समजशील, अ‍ॅक्सेस 11 ऑक्टोबर. #2024-11-10# असं लिही, गोंधळच नाही.

आता सगळ्यात महागातली चूक. शेतकऱ्याची बाकी काढायला तू एकाच क्वेरीत तिन्ही टेबलं जोडशील, सगळेच जोडतात. समज एकाच्या तीन पावत्या आहेत : 40,000, 55,000 आणि 25,000, एकूण 1,20,000 रुपये. त्याला दोनदा पैसे दिले : 50,000 आणि 30,000, एकूण 80,000. बाकी 40,000. पण जोडलेल्या क्वेरीत प्रत्येक पावती प्रत्येक पेमेंटसमोर येते, तीन दुणे सहा ओळी होतात. पावत्यांची बेरीज दुप्पट होऊन 2,40,000, पेमेंटची तिप्पट होऊन तीही 2,40,000. बाकी शून्य! पडद्यावर कुठलाही एरर नाही, आणि शेतकरी 40,000 ला मुकला.

उपाय असा. पावत्यांची शेतकरीवार बेरीज करणारी एक क्वेरी, पेमेंटची शेतकरीवार बेरीज करणारी दुसरी. तिसऱ्या क्वेरीत शेतकरी टेबल आणि या दोन क्वेऱ्या जोड. जोडरेघेवर डबल क्लिक करून ‘शेतकरी टेबलातल्या सगळ्या ओळी घ्या’ हा पर्याय निवड, दोन्ही रेघांना, नाहीतर ज्यांनी उचल घेतलीच नाही ते यादीतून गायब होतात. त्यांच्या पेमेंटची जागा रिकामी येते आणि रिकाम्यातून वजाबाकी केली की उत्तरही रिकामं, म्हणून तिथे ‘एनझेड’ फंक्शन लावून शून्य धर. मग पाच शेतकऱ्यांचा हिशेब आप्पांच्या वहीशी ताडून बघ. वही आणि क्वेरी जुळेपर्यंत पुढचं प्रकरण उघडायचं नाही.

फॉर्म आणि रिपोर्ट विझार्डने करून घे, त्यात फार वेळ घालवू नकोस. फाईल पेन ड्राईव्हवरून उघडून काम करू नकोस, मध्येच ड्राईव्ह निघाला तर फाईल खराब होऊ शकते. रोज काम संपल्यावर फाईल बंद करून तारखेच्या नावाने एक प्रत ठेव. फाईल उगाच फुगली की ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ चालव.

नोकरीचं स्पष्ट सांगते. ‘अ‍ॅक्सेस येणारा पाहिजे’ अशी जाहिरात जळगाव-धुळ्यात क्वचित दिसेल. डाळ मिल, पाईप कारखाने, पतसंस्था, दवाखाने मागतात ते टॅली आणि एक्सेल. मोठ्या ठिकाणी एमआयएसच्या, म्हणजे साहेबांसाठी आकड्यांचे रिपोर्ट काढायच्या, जागेला एसक्यूएल विचारतात. तू क्वेरी बनवतेस तेव्हा अ‍ॅक्सेस पाठीमागे एसक्यूएलच लिहीत असतं, व्ह्यू बदलून ते रोज वाच. ते वाचता यायला लागलं की मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस प्रोग्रॅम फुकट उतरवून हीच तीन टेबलं त्यात कर. म्हणजे या वर्षी टॅली आणि हे काम बरोबरीने, तिसऱ्या वर्षाला एसक्यूएल. बायोडेटात ‘अ‍ॅक्सेसचं ज्ञान’ असं लिहिण्यापेक्षा ‘कापूस खरेदी व शेतकरी बाकी यांचा डेटाबेस तयार केला’ असं लिही आणि शेतकरी बाकीच्या रिपोर्टचं एक पान छापून सोबत ने. भाव पावतीत का ठेवला, एवढं नीट सांगता आलं तरी समोरच्याला तुझी तयारी कळेल.

क्लास नुसत्या अ‍ॅक्सेससाठी लावू नकोस. टॅलीसाठी लावायचाच असेल तर धरणगाव किंवा एरंडोलला मिळतोय का बघ, रोजचं जळगावचं जाणं-येणं वाचेल. आणि फी भरण्याआधी एक दिवस बसू द्या म्हण : प्रत्येकाला वेगळा कॉम्प्युटर मिळतो का, आणि सराव खऱ्या बिलांवर करून घेतात का, हे दोन तासांत दिसतं.