पृथ्वी आधीही तापायची-थंड व्हायची, मग आत्ताची तापमानवाढ माणसामुळंच कशावरनं?

आधी तापायची हे खरंय, पण त्याला हजारो वर्षं लागायची. आत्ता दीड-दोनशे वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखात २८० भागांवरनं ४२० च्या वर गेलाय. आणि हा कार्बन कुठला ते ओळखता येतं बघा, कोळसा-तेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली असल्यामुळं त्यात कार्बन-१४ (हळूहळू नष्ट होत जाणारा, किरणोत्सारी कार्बन) उरलेलाच नसतो, तसलाच कार्बन हवेत मिसळतोय हे मोजून कळतं. सूर्यामुळं म्हणावं तर स्ट्रॅटोस्फिअर, म्हणजे ढगांच्याही वरचा हवेचा थर, पण तापायला पाहिजे होता, तो उलट थंड होतोय. माझ्या मते वाद इथंच मिटतो.

आमच्या कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, २०१९ ला पाणी ५५ फुटांवर गेलं, २०२१ ला परत महापूर. सगळं कार्बनवर ढकलू नका, पूररेषेतली बांधकामं आहेतच, पण हवा एक डिग्री तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते आणि ते कुठंतरी कोसळणारच. म्हणून उत्सर्जन कमी करायलाच पाहिजे, आणि नुसतं अमेरिका-चीनकडं बोट दाखवून चालत नाही. ऊस तुटला की फडात पाचट पेटवतात, तेच सरीत कुजवलं तर युरिया कमी लागतो, अन् युरिया बनवायलाच केवढा नैसर्गिक वायू जातो.