वाचक विचारतात : परवाना, काडतूस आणि पावसाळा

या महिन्यात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी निम्मी पत्रं बंदुकीची आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत. सारखे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : सासऱ्यांच्या नावावर बारा बोअरची दुनळी होती. ते उन्हाळ्यात वारले. बंदूक माळ्यावर कातडी पेटीत आहे, सोबत जुनी पंधरा-वीस काडतुसं. मुलाच्या नावावर करायची आहे. त्याआधी मळ्यात एखादा बार काढून ती चालते का ते बघावं, असं दीर म्हणतात. (कराड)

दिरांना बार काढू देऊ नका. कारणं दोन आहेत, एक कायद्याचं आणि एक नळीचं.

आधी कायद्याचं. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. सासरे गेले त्या दिवसापासून ती बंदूक घरात विनापरवाना आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची असते. "कागद होईपर्यंत राहू दे घरातच" इथेच बहुतेक घरं अडकतात. उशीर झाला म्हणून आता गप्प बसणं हा उपाय नाही. ठाण्यात लेखी अर्ज द्या : परवानाधारक अमुक तारखेला वारले, शस्त्र अमुक नंबरचं, काडतुसं इतकी, जमा करून घ्यावीत. सोबत मृत्यूचा दाखला आणि मूळ परवान्याची प्रत जोडा. बंदूक कधी आणि कशी न्यायची, हे ठाण्यात विचारूनच ती घराबाहेर काढा. पावतीवर बंदुकीचा नंबर, बनावट, काडतुसांची संख्या आणि बंदुकीची स्थिती लिहून घ्या. पुढच्या सगळ्या अर्जांना ही पावती लागते.

मग वारसाचा अर्ज. तो शस्त्र नियम २०१६ प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत जातो. मुलाचं वय २१ पूर्ण हवं. बाकीच्या वारसांची ना-हरकत हवी, आणि ती स्टॅम्पपेपरवर आधीच गोळा करून ठेवलेली बरी. एखादी नणंद परगावी असली की फाईल तिथेच थांबते. वैद्यकीय दाखला आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखलाही लागतो. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच बंदुका राहू शकतात, आणि वारशाची बंदूकही त्या दोनांतच मोजली जाते. ज्यांच्या घरी वडीलधारे अजून आहेत त्यांनी हेही ध्यानात ठेवावं की वारसाला परवाना मिळण्यासाठी कुणी जाण्याची वाट बघावी लागत नाही. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा त्याच्याकडे शस्त्र २५ वर्षं राहिलं, यातलं जे आधी होईल त्यानंतर त्याच्या हयातीतच अर्ज करता येतो. आजोबा स्वतः कार्यालयात येऊन सही करू शकतात तोवर हे काम उरकलेलं चांगलं.

आता नळीचं. पेटीतून काढताना नळीचं तोंड भिंतीकडे किंवा जमिनीकडे, बोट चापाबाहेर. वरची कळ बाजूला सारून बंदूक मोडा, म्हणजे नळी खाली झुकवून उघडा, आणि दोन्ही कोठे (काडतूस बसतं त्या जागा) डोळ्यांनी बघा. काडतूस आत असेल आणि बोटांनी सहज निघत नसेल, तर स्क्रूड्रायव्हर घालू नका. बंदूक मोडलेलीच ठेवा आणि विक्रेत्याला किंवा ठाण्याला कळवा. जुनी काडतुसं पुठ्ठ्याची असतात. चार पावसाळे खाल्ले की ती फुगतात, कोठ्यात अडकतात, नाहीतर दारू सर्दावते. सर्दावलेल्या काडतुसाचा बार "फुस्स" होतो आणि गुल्ला (छर्ऱ्यांमागचा बोळा) नळीत मध्येच राहतो. त्यामागून दुसरा बार काढला की नळी फाटते. ही काडतुसं मोजून पोलिसांकडेच द्या. उन्हात वाळवून वापरायची नाहीत.

बंदूक मुलाच्या नावावर झाली, तरी पहिला बार काढण्यापूर्वी ती कारागिराला दाखवा. त्याच्याकडून या गोष्टी तपासून घ्या. कोठ्याची लांबी किती? जुन्या विलायती दुनळ्यांचा कोठा बऱ्याचदा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचा असतो. हल्लीची काडतुसं पावणेतीन इंची, म्हणजे ७० मिलिमीटरची मिळतात. फसगत अशी की खोक्यावर छापलेली लांबी उडालेल्या, उघडलेल्या काडतुसाची असते. न उडालेलं, तोंड दुमडलेलं ७० चं काडतूस ६५ च्या कोठ्यात आरामात बसतं. उडताना मात्र दुमड उघडायला जागा नसते, आणि दाब मर्यादेबाहेर जातो. "बसतंय ना, मग चालतंय" हा हिशेब इथे चुकतो.

दुसरं, नळीवर लाकडाच्या रेषांसारखी वळणदार नक्षी दिसते का? तसं असेल तर ती दमास्कस नळी, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली. यातल्या बहुतेक नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. नळीच्या खालच्या सपाट भागावर "नायट्रो प्रूफ" (आजच्या दारूच्या दाबाला तपासलेली) असं इंग्रजीत कोरलेलं नसेल तर आजचं काडतूस त्यात घालूच नका, बंदूक भिंतीवर शोभेल. तिसरं, पुढचं लाकूड काढून बंदूक बंद करा आणि हलवा. खडखडली तर सांधा झिजला आहे. चौथं, एक चाप ओढल्यावर दोन्ही घोडे पडतात का, हे नकली काडतूस घालून बघायला सांगा. आणि नळीतून उजेडाकडे बघा. माळ्यावरच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. ते लहानसं ढेकूळही नळी फोडायला पुरतं.

एक शेवटचं. घरात वीस बोअरची दुसरी बंदूक असेल तर दोन्हींची काडतुसं एका पिशवीत कधीही ठेवू नका. वीसचं काडतूस बाराच्या कोठ्यातून पुढे घसरतं आणि नळीत रुतून बसतं. वरून बघणाऱ्याला कोठा रिकामा दिसतो, तो बाराचं काडतूस भरतो. पुढे काय होतं ते सांगायला नको.

प्रश्न : बंदुकीला गंज धरतो. खोबरेल तेल लावतो तरी. (जावळी)

खोबरेलामुळेच. थंडीत ते गोठतं, जुनं झालं की चिकट होतं, धूळ धरतं आणि घोड्याची हालचाल जड करतं. शिलाई मशीनचं पातळ तेल चालेल, बंदुकीचं मिळालं तर उत्तम. साफ करताना गज शक्यतो कोठ्याच्या बाजूने घाला. आधी पितळी ब्रश, मग कोरडी चिंधी पांढरी येईपर्यंत, शेवटी तेलाचा अगदी पातळ हात. जास्त तेल दस्त्याच्या लाकडात उतरतं आणि लाकूड कुजवतं. घाटमाथ्याच्या पावसात आठवड्याला एकदा कोरड्या फडक्याने पुसा, कारण हाताचा घामच पहिला डाग पाडतो. कातडी किंवा कॅनव्हासच्या म्यानात बंदूक ठेवून देऊ नका, ते ओल धरून ठेवतं. म्यान फक्त ने-आण करायला. नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबायची सवयही सोडा. बोळा विसरतो आणि बार निघतो. बंदूक कुलपाच्या लोखंडी कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नकोत.

प्रश्न : रानडुकरं भुईमूग आणि भात एका रात्रीत उलथून टाकतात. पीकसंरक्षणासाठी परवाना काढला तर डुक्कर मारता येतं का? (पाटण, शिराळ्याहूनही हाच प्रश्न)

परवाना बंदूक बाळगायचा असतो, जनावर मारायचा नसतो. हे दोन वेगळे कागद आहेत, आणि दुसऱ्याशिवाय मारलं तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली गुन्हा होतो. पिकाची नासाडी करणारं जनावर मारायची परवानगी त्या कायद्याच्या कलम ११ खाली वनविभागाकडून लेखी मिळते. तोंडी "बघा तुम्ही" हे कोर्टात उभं राहत नाही.

पीकसंरक्षणासाठी कायदा आधी ठासणीची बंदूक धरून चालतो. तिने भागणार नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर. रायफल मागू नका. .३१५ ची गोळी उसातून आरपार जाऊन पलीकडच्या वस्तीपर्यंत पोचते, आणि रात्री पाचटात काय हललं ते कुणाला दिसत नाही.

तुमच्या भागात आणखी एक अट आहे, आणि अर्ज भरून देणारे ती सहसा सांगत नाहीत. अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वनविभागाकडे नाव नोंदवायचं असतं, आणि तिथे नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते (वन्यजीव अधिनियमाचं कलम ३४). राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू होतं. कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि इकडे सागरेश्वर यांच्या भोवतीची बरीच गावं त्यात येतात. अर्ज करण्यापूर्वी वनक्षेत्रपालांकडून गावाचं अंतर लिहून घ्या, म्हणजे फाईल फिरून परत येणार नाही. आणि अभयारण्याच्या हद्दीत, मग परवाना असो वा नसो, लेखी परवानगीशिवाय बंदूक न्यायची नाही.

नुकसान झालं की लगेच वनविभागाकडे भरपाईचा अर्ज द्या आणि पंचनाम्यापर्यंत पीक तसंच ठेवा. कुंपणाच्या तारेत घरगुती वीज सोडू नका. त्यात बांधावरून जाणारा माणूसही सापडतो.

प्रश्न : बेदाण्याचा व्यापार आहे, सौद्याची रोकड न्यावी लागते. रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल? मालमत्ता कमी दाखवली तर परवाना नाकारतात का? (तासगाव)

दुसरं आधी. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून परवाना नाकारता येत नाही, शस्त्र अधिनियमाचं कलम १४ तसं स्पष्ट सांगतं. नाकारला तर कारण लेखी मागा. ३० दिवसांत पुणे विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं. पण गरज दाखवावी लागते. धमकीची तक्रार, लुटीचा गुन्हा, रोकडीच्या नोंदी, जे असेल ते जोडा. "प्रतिष्ठित व्यापारी आहे" याला वजन नाही.

आता शस्त्र. रोज सराव करणार नसाल तर .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर. सहा घरं, पाकळी (घरांचं चाक) उघडली की भरलंय की रिकामं ते दिसतं, आणि एखादं काडतूस पेटलं नाही तर पुन्हा चाप ओढायचा. पिस्तूल चपटं, कमरेला बसतं बरं. पण मॅगझिन काढलं तरी एक गोळी कोठ्यात राहते, आणि घरातले बरेच अपघात त्या एका गोळीने होतात. रिकामं करताना क्रम ठरलेला : आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, मग कोठ्यात बोट घालून खात्री. क्रम उलटा झाला की मॅगझिनमधली पुढची गोळी पुन्हा वर चढते. दोन्ही ".३२" म्हणवली जातात तरी काडतुसं वेगळी. पिस्तुलाचं एसीपी, रिव्हॉल्व्हरचं एस अँड डब्ल्यू लाँग. दुकानात नुसतं "बत्तीसची द्या" म्हणू नका. जुन्या बनावटीचं रिव्हॉल्व्हर असेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवा. ते हातातून पडून घोड्यावर आपटलं तर गोळी सुटू शकते.

काडतूस पेटलं नाही तर लगेच उघडू नका. तोंड सुरक्षित दिशेला धरून ३० सेकंद थांबा, उशिरा पेटणारी काडतुसं असतात.

बाळगताना होल्स्टर हवंच, तेही चाप पूर्ण झाकणारं, आणि वर शर्ट. सार्वजनिक जागी शस्त्र दिसता कामा नये, असा नियमच आहे. खिसा, गाडीचा डॅश, स्कूटरची डिकी यातलं काही चालणार नाही. गाडीत सोडून जेवायला जायचं असेल तर शस्त्र घरीच ठेवा. खरं सांगायचं तर नेहमीच्याच वाटेने, नेहमीच्याच वेळी रोकड नेणाऱ्याला रिव्हॉल्व्हरचा उपयोग थोडाच. वेळ बदला, दोघं जा, जमेल तितकं बँकेतून करा.

प्रश्न : सैन्यात ९ एमएम हाताळलं आहे. निवृत्तीनंतर तेच घेता येईल का? परवाना दुसऱ्या राज्यातला आहे. (कोरेगाव)

९ एमएम आणि .३०३ प्रतिबंधित बोअरमध्ये येतात, जिल्ह्यातून परवाना मिळत नाही. सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी बारा बोअरच विचारतात. परवाना साताऱ्याच्या गृह शाखेत नोंदवून घ्या आणि त्यावर युनिक आयडी नंबर आहे का ते बघा. नसेल तर तो कागद वैध नाही. मुदत आता पाच वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज ती संपायच्या दोन महिने आधी द्या.

प्रश्न : प्रत्येक निवडणुकीला बंदूक जमा करायलाच हवी का? (मिरज)

सरसकट नाही. जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. जामिनावर असलेले, गुन्ह्याची किंवा दंगलीची पार्श्वभूमी असलेले यांच्याकडून प्रामुख्याने घेतात. लेखी नोटीस आली तर मात्र मुदतीत जमा करा. देताना नळी आतून-बाहेरून तेलाने पुसा, नंबर आणि दस्त्याचे फोटो काढा, काडतुसं मोजून पावतीवर चढवा. निकालानंतर आठवड्याने परत मागा, आणि घरी आल्यावर लगेच उघडून साफ करा. मुद्देमालाच्या खोलीत कुणी ती पुसत नाही.

प्रश्न : वरातीत हवेत एक बार काढला तर? (खटाव)

शस्त्र अधिनियमाचं कलम २५(९) : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय परवाना जातो. नुसत्या आवाजाचं काडतूसही चालत नाही. जत्रा, मिरवणूक आणि शाळा-कॉलेजचं आवार इथे शस्त्र न्यायलाच बंदी आहे. मांढरदेवीच्या किंवा पालीच्या जत्रेला जाताना ते कपाटात ठेवून जा.

प्रश्न : मुलीला नेमबाजी शिकायची आहे. एअरगनला परवाना लागतो का? माकडं हाकलायलाही उपयोग होईल. (विटा)

.१७७ बोअर म्हणजे ४.५ मिलिमीटर, आणि ऊर्जा २० ज्यूलपेक्षा कमी असेल तर लागत नाही. बोअर मोठा किंवा ऊर्जा जास्त असेल तर लागतो. पावतीवर दोन्ही आकडे लिहून घ्या. १० मीटरच्या स्पर्धेला .१७७ च लागते. स्प्रिंगची असेल तर छर्रा न घालता रिकामी उडवू नका, पिस्टन आपटून वॉशर फाटतो. छर्रे शिशाचे असतात, सरावानंतर हात धुवूनच जेवणाचा डबा उघडायचा. निशाण्यामागे पत्रा नको, छर्रा उलटून डोळ्यावर येतो. जाड लाकूड, त्यामागे वाळूचं पोतं. माकडांवर ती रोखायची नाही. त्यांनाही वन्यजीव कायदा लागू आहे.