स्पॅनिश शब्दातला जोर कुठे पडतो?

प्रश्न : शब्दाच्या शेवटी स्वर, 'न' किंवा 'स' असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर (अवयव म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा तुकडा), नाहीतर शेवटच्यावर, असं शिकवतात. 'न' आणि 'स'चेच एवढे लाड का?

कारण क्रियापदं आणि अनेकवचनं याच दोघांवर चालतात. आब्लो (मी बोलतो), आब्लास (तू बोलतोस), आब्लान (ते बोलतात) : तिन्हींत जोर 'आ'वर. कासाचं (घर) कासास झालं तरी 'का' ढळत नाही. 'न' आणि 'स' इतर व्यंजनांत मोजले असते, तर अशा हजारो रूपांवर तिरकी रेघ (तील्दे) द्यावी लागली असती. बाकी माद्रिद, आब्लार (बोलणे) यांचा जोर शेवटी. नियम मोडणाऱ्याच्या डोक्यावर रेघ : बोगोता शेवटी, कादिस पहिल्यावर. कादिसच्या शेवटी लिहितात 'झेड', म्हणून 'स'ची सवलत नाही. बघायचं ते लिहिलेलं अक्षर, कानावर पडणारा 'स' नव्हे.

प्रश्न : कान्सिओनवर (गाणं) रेघ आहे, कान्सिओनेसवर नाही. का?

जोर त्याच 'ओ'वर आहे, पण शेवटी एक अवयव वाढला आणि शब्द नियमात बसला. खोवेनचं (तरुण) उलट : खोवेनेसमध्ये जोर शेवटून तिसरा, आणि तिसऱ्याला रेघ लागतेच. काराक्तेर (स्वभाव, जोर 'राक'वर) मात्र हट्टी. अनेकवचनात त्याचा जोरच पुढे सरकतो : काराक्तेरेस, जोर 'ते'वर.

प्रश्न : मारिया आणि कोलोम्बिया, शेवट सारखाच. मग जोर वेगळा कसा?

'इ' आणि 'उ' हे दुबळे स्वर. 'आ', 'ए', 'ओ'शेजारी आले की त्यांच्यात विरघळतात. म्हणून को-लोम-ब्या, जोर 'लोम'वर. मारियातल्या 'इ'वर रेघ आहे, ती दोघांना वेगळं काढते : मा-री-आ. दोन्ही सबळ असले तर प्रश्नच नाही, ते-आ-त्रो (नाटक).

प्रश्न : 'एस्पान्योल' कसं तोडायचं? मी ए-स्पा-न्योल करते.

देवनागरीतल्या जोडाक्षरामुळे तसं वाटतं. स्पॅनिशमध्ये 'स' मागच्या स्वराला चिकटतो : एस-पा-न्योल. आपल्या कवितेच्या वृत्तांमध्येही जोडाक्षराआधीचं अक्षर सहसा गुरू होतं. 'ब्ल', 'त्र'सारख्या जोड्या मात्र फुटत नाहीत : आ-ब्लार, ओ-त्रो (दुसरा).

आणि वहीत स्पॅनिश देवनागरीत उतरवू नका. 'तेर्मिनो' लिहिलंत, तर जोर 'ते'वर असताना ती 'संज्ञा', 'मि'वर 'मी संपवतो', 'नो'वर 'त्याने संपवलं'. वाचणार काय?

प्रश्न : मोठ्या लिपीत रेघ सोडली तर चालते ना?

नाही.